नाताळचं झाड आपल्या वावरातलंच लावू

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार आणि जय ख्रिस्त.

नाताळ जवळ आला की पेपरात, मोबाईलवर, कपड्याच्या दुकानात सगळीकडं एकच झाड दिसायला लागतं. हिरवं, टोकदार, फांद्यांवर पांढरा बर्फ आणि बुडाशी रंगीत कागदात गुंडाळलेले डबे. ते पाइनसारखं झाड थंड मुलखातलं, आणि आम्ही राहतो यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात, जिथं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि बर्फ पडताना कोणी पाहिलेला नाही. तरी दरवर्षी आमच्याकडंही तेच झाड आणायची धडपड चालते, कोणी यवतमाळहून आणतो कोणी अमरावतीहून, प्लास्टिकचं झाड खोक्यात बांधून एसटीत मांडीवर धरून आणतात आणि ज्यांना परवडत नाही त्यांची लेकरं दुसऱ्याच्या दारातून डोकावतात. मला याच विषयावर लिहायचं आहे, पत्र थोडं लांबलं तर सांभाळून घ्या, कारण हे पुष्कळ वर्षांचं मनात साचलेलं आहे.

मी शेतकरी घरातली बाई. आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची सभा, लहान आहे, चर्चची इमारत जुनी, कौलारू, आणि संडे स्कूल, म्हणजे रविवारचा लेकरांचा बायबलचा वर्ग, मी घेते. यवतमाळ जिल्ह्यात ख्रिस्ती मंडळ्या काही आजच्या नाहीत, उमरीचा मिशन दवाखाना तर हिंदू-मुसलमान सगळ्यांना माहीत आहे आणि यवतमाळला १९५३ पासून बायबल सेमिनरी, म्हणजे पाळकांना शिकवणारं विद्यालय, होती, १९८३ मधे ती पुण्याला गेली. म्हणजे नाताळ आम्ही इकडं पिढ्यान्पिढ्या करतो, आणि माझ्या लहानपणी मिशन कंपाउंडात बोरीची नाहीतर कडुनिंबाची फांदी डब्यात रोवून तिलाच चमकी-कागद बांधायचे, कोणाला त्यात कमीपणा वाटत नव्हता. प्लास्टिकचं झाड आलं आणि हळूहळू असं झालं की ते नसलं तर नाताळ झालाच नाही.

आता सगळ्यात आधी एक गोष्ट. बायबलमधे या झाडाचा कुठंच उल्लेख नाही. गव्हाणीचा आहे, मेंढपाळांचा आहे, ताऱ्याचा आहे, सोनं ऊद गंधरसाचा आहे, पण झाड नाही. सजवलेलं झाड ही जर्मनी आणि आल्साससारख्या भागातली साधारण सोळाव्या शतकातली रीत, आणि इंग्लंडात ती घरोघरी पोचली ती तर फार उशिरा, १८४८ साली राणी व्हिक्टोरिया आणि तिचा नवरा आल्बर्ट लेकरांसोबत झाडाभोवती उभे आहेत असं चित्र तिथल्या एका साप्ताहिकात छापून आलं त्यानंतर. त्या लोकांनी काय केलं तर त्यांच्या रानात जे झाड हिवाळ्यातही हिरवं राहतं ते घरात आणलं. एवढंच. त्यांच्याजवळ जे होतं ते त्यांनी लावलं. मग आपण आपल्याजवळचं का लावू नये?

आणि बाकी ठिकाणचे लोक लावतातच की. भारतातच कितीतरी ख्रिस्ती घरांत आंब्याचं नाहीतर केळीचं झाड सजवतात. न्यूझीलंडमधे डिसेंबरात उन्हाळा असतो, तिथं पोहुतुकावा नावाचं लाल फुलांचं झाड त्याच दिवसांत फुलतं, तर तेच त्यांचं नाताळचं झाड. फिलिपाइन्समधे बांबूच्या कामट्या आणि कागदाचा मोठा तारा करतात, त्याला पारोल म्हणतात, आणि तो तारा हीच त्यांच्या सणाची ओळख. खुद्द जर्मनीत एकोणिसाव्या शतकात जंगल वाचवायला लोकांनी पाळीव हंसाची पिसं हिरवी रंगवून तारेवर गुंडाळून झाडं बनवली. तेव्हा पाइन नाही तर नाताळ नाही हे म्हणणं जिथून ते झाड आलं तिथंही कोणी धरून बसलेलं नाही.

प्लास्टिकच्या झाडाचं सांगते. ही झाडं बहुतेक पीव्हीसीची असतात आणि जास्त करून चीनमधे बनतात. इंग्लंडातल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेचा हिशोब आहे की २ मीटर उंचीच्या एका प्लास्टिकच्या झाडापायी साधारण ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं प्रदूषण होतं, आणि ते झाड दहाएक वर्षं वापरलं तरच खऱ्या कापलेल्या झाडापेक्षा परवडलं म्हणायचं. आमच्या मंडळीत आलेलं झाड काही दहा वर्षं टिकलं नाही. पेटाऱ्यात ठेवलं, उंदरांनी फांद्या कुरतडल्या, बुडाचं स्टँड मोडलं, पानं गळून फरशीभर झाली. शेवटी कोणीतरी ते उकिरड्यावर नेऊन पेटवलं आणि त्याचा असा काळा, घशाला झोंबणारा धूर झाला की शेजारच्या म्हाताऱ्या बाईला खोकल्याची उबळ थांबेना. पीव्हीसी जळलं की त्यातून हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडची वाफ निघते आणि डायॉक्सिनसारखी विषं बनतात. शहरात निदान घंटागाडी येते, आमच्यासारख्या गावात प्लास्टिकचा शेवट एकच, काडी लावणं. म्हणून खेड्यात प्लास्टिकचं झाड शहरापेक्षाही वाईट असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडं आधीच आहे त्यांनी फेकू नये, जपून वापरावं, जितकी जास्त वर्षं चालेल तितकं चांगलं. नवीन मात्र घेऊ नये.

दुसरं म्हणजे नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे विकतात ते अरोकेरिया. हे झाड मूळचं नॉरफोक बेटावरचं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मधल्या समुद्रातलं, त्याला दमट हवा लागते. आपल्याकडं हिवाळ्यात छान दिसतं आणि चैत्र-वैशाखात टोकापासून करपायला लागतं. सावलीत ठेवून, पाणी घालून कोणी जगवलं तर त्यांचं कौतुकच आहे, कुंडीतल्या जिवंत झाडाला माझा काही विरोध नाही. मोरपंखी तर आपल्याकडं बरी तगते, दारात असली तर तीच सजवा. पण लोक सणासाठी अरोकेरियाचा शेंडा छाटून नेतात त्याचं फार वाईट वाटतं, कारण या झाडाचा मधला शेंडा एकदा गेला की बाजूच्या फांद्या त्याची जागा घेत नाहीत, झाड कायमचं बुटकं आणि बेढब होतं.

मग लावायचं काय? माझं उत्तर एका शब्दात, पऱ्हाटी. म्हणजे कापसाचं झाड.

डिसेंबरच्या शेवटी आपल्या वावरात उभी असलेली पऱ्हाटी कधी नीट पाहिली आहे का? बुडाच्या फांद्या लांब पसरलेल्या, वर वर जाताना आखूड, शेंड्याला निमुळती, म्हणजे आकार अगदी तोच जो लोक पैसे देऊन विकत आणतात. पानं गळालेली असतात, फांद्या तांबूस तपकिरी, आणि वेचणीत राहून गेलेली बोंडं फुटून टरफलाच्या चार-पाच टोकांतून कापूस लोंबत असतो. सकाळी दव पडलेलं असलं आणि ऊन तिरपं आलं की त्या कापसाच्या कडा चमकतात. कापसाचा बर्फ करायला थर्माकोलचे दाणे कशाला पाहिजेत, ज्या जिल्ह्याला कापसाचा जिल्हा म्हणतात तिथं? आपल्या इकडं पहिल्या वेचणीआधी सीतादही करतात, दहीभात ठेवून पिकाची पूजा करतात, आमच्या मंडळीत आम्ही पहिला कापूस चर्चमधे आणून वेदीजवळ ठेवतो. ज्या पिकावर घर चालतं, लेकराची फी भरली जाते, लग्न निघतं, तेच पीक सणाच्या दिवशी घरात मधोमध उभं असावं असं मला मनापासून वाटतं. यात मला नुसती काटकसर दिसत नाही, त्यात आपली कृतज्ञता आहे.

पण हे करताना दोन-चार गोष्टींची काळजी घेतलीच पाहिजे आणि ती मी सविस्तर सांगते, कारण शोभेपायी कोणाचं नुकसान व्हायला नको.

पहिली बोंडअळी. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचं काय केलं ते शेतकऱ्याला नव्यानं सांगायची गरज नाही. ही अळी किडक्या बोंडांत, सरकीत आणि पडलेल्या काडीकचऱ्यात झोपून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन निघते. म्हणूनच अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ असो की नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, सगळे हेच सांगतात की फरदड, म्हणजे तेच पीक पुढं ताणून आणखी कापूस, घेऊ नका, हंगाम वेळेत संपवा आणि पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, किंवा घराजवळ रचून ठेवू नका. तेव्हा झाडासाठी पऱ्हाटी उपटली की तिच्यावरची न फुटलेली, काळी पडलेली, कवडी झालेली सगळी बोंडं तोडून चुलीत टाका, फक्त पूर्ण फुटलेली निरोगी बोंडं ठेवा. आणि सण झाला की ती पऱ्हाटी कोपऱ्यात ठेवून विसरायची नाही. ६ जानेवारीला ज्ञानी लोकांच्या आगमनाचा दिवस असतो, त्या दिवशी झाड उतरवायचं, दिवे काढून घ्यायचे, कापूस वेचून वाती करायच्या आणि काड्या सरळ चुलीत. याच्यात शेतीचाही फायदा आहे, कारण लोकांना पऱ्हाटी वेळेत काढायची एक तारीख मिळते.

दुसरी फवारणी. त्याच २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते दिवस आठवले की अजून काटा येतो. ज्या झाडावर नुकती फवारणी झाली आहे ते घरात आणू नका. धुऱ्याकडचं, आधीच वाळलेलं, लाल्या रोगानं लवकर संपलेलं झाड निवडा, राहिलेली पानं वावरातच झटकून टाका, काड्या ओल्या फडक्यानं पुसा, हात साबणानं धुवा आणि मगच लेकरांच्या हाती द्या.

तिसरी आग. कापूस म्हणजे कापूस, मेणबत्तीची एक ठिणगी पुरते. पूर्वी युरोपात झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावायचे आणि घरं जळायची. १८८२ मधे न्यूयॉर्कला एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं पहिल्यांदा आपल्या घरच्या झाडावर विजेचे ८० छोटे दिवे लावले. आपल्याला आता एलईडीची माळ स्वस्तात मिळते, ती फारशी गरम होत नाही, तीच लावा, जोडाला टेप मारा आणि झोपताना पिन काढा. मेणबत्ती लावायचीच असेल तर ती दूर, खिडकीत किंवा वेदीवर.

उभं कसं करायचं? तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या, त्यात मुरूम आणि गोटे ठासून भरा, मधे पऱ्हाटीचं खोड, आणि बाहेरून डब्याला शेणामातीनं सारवून वर गेरू आणि चुन्यानं नक्षी काढा. आमच्या संडे स्कूलच्या पोरींनी अशी नक्षी काढली होती की येणारे जाणारे झाडाआधी डबाच पाहत होते.

आता ताऱ्याचं. तारा मी ज्वारीच्या धांड्याचा करते आणि लेकरांना शिकवते. आपल्या पिढीतल्या सगळ्यांनी धांड्याच्या बैलबंड्या आणि चष्मे केले असतील, तीच विद्या. चांगलं वाळलेलं, न किडलेलं धांडं घ्यायचं, पेराच्या दोन्ही बाजूंनी कापायचं, मग दातानं किंवा नखानं सालीची कड उचलून लांब पट्टी सोलायची. साल धारदार असते, हाताला कापते, म्हणून लहान लेकरांना मोठ्यांनी सोलून द्यावं. आत पांढरा, हलका, मऊ भेंड निघतो. त्या भेंडाचे छोटे तुकडे म्हणजे तुमचे सांधे आणि सालीच्या पट्ट्या म्हणजे कांबी, पट्टीचं टोक भेंडात खुपसलं की घट्ट बसतं, ना फेव्हिकॉल लागतो ना टाचणी. पाच तुकडे, पाच पट्ट्या, आणि तारा तयार. एकात एक घातले तर सगळ्या बाजूंनी टोकं असलेला तारा होतो, आणि हे करताना लेकरांना कोन, त्रिकोण आपोआप समजतात. सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे मोरावियन पंथाचा जो प्रसिद्ध टोकदार तारा जगभर नाताळला लावतात त्याची सुरुवातही जर्मनीत १८३० च्या दशकात एका शाळेतल्या भूमितीच्या तासातच झाली. आपल्याकडं शेजारी तुळशीच्या लग्नाला धांड्यांचा मांडव करतात, त्यातलेच उरलेले धांडे आम्ही मागून आणतो आणि ते हौसेनं देतात.

ज्यांच्याकडं कापूस नाही त्यांच्याकडं तूर आहे. पण डिसेंबरात तूर शेंगेवर असते, म्हणून मागच्या वर्षीच्या तुराट्या वापरायच्या. सगळ्यात लांब खाली, मग त्याहून आखूड, अशा सुतळीनं शिडीसारख्या बांधत वर न्यायच्या आणि भिंतीवर खिळ्याला अडकवायचं. जागा लागत नाही, एका खोलीच्या घरातही होतं. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं तर प्रत्येक खेड्यात मिळतं, मोठं खाली, मधलं त्यावर, लहान सगळ्यात वर असं पालथं रचून आतून दिवा सोडला तर कामट्यांच्या फटीतून उजेड भिंतीवर इतका सुंदर पडतो की काही लटकवायची गरज नाही. यात आपल्या गावच्या बुरडाला काम मिळतं हे मी महत्त्वाचं समजते, प्लास्टिकच्या सुपा-टोपल्यांनी त्यांचा धंदा बसला आहे. गडचिरोली-चंद्रपूरकडं तर बांबूच बांबू. मेंढा-लेखाच्या गावकऱ्यांनी आपल्या जंगलातल्या बांबूवरचा हक्क मिळवून दाखवला, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिकडच्या बचत गटांनी नाताळचे तारे आणि घडीची झाडं केली तर नागपूरच्या बाजारात का विकली जाणार नाहीत? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण नागपूर इथून फार दूर नाही.

लटकवायला संत्री. डिसेंबरात आंबिया बहाराची संत्री निघालेली असते आणि वरुड-मोर्शीकडून, काटोलकडून येणाऱ्या मालात जी चुरी असते, म्हणजे बारकी फळं, तिला भाव नसतो, व्यापारी बाजूला काढतो. ती चुरी देठासकट दोऱ्यानं बांधली की झाडावर शोभते आणि घरात वास दरवळतो. पाहुणा आला की तोडून हातात द्यायची. चकत्या करून उन्हात वाळवल्या तर उजेडात काचेसारख्या दिसतात, फक्त चकत्या रोज उलटायच्या, नाहीतर बुरशी धरते. बोरं, रिठे, सागाची फुगीर हलकी फळं, मक्याची सालपटं, जे मिळेल ते. फक्त दोन गोष्टींना हात लावू नका. एक गुंजा, दिसायला लालकाळ्या सुंदर पण फोडून चावल्या तर जहरी, लहान लेकराच्या जिवावर बेततं. दुसरा बिब्बा, त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात.

आणि अंगणात कडुनिंब, चिंच, सीताफळ असेल तर आणखी कुठं शोधायची गरजच नाही. उभ्या झाडाला दोऱ्यानं तारे बांधा, खिळे ठोकू नका, आणि रात्रभर दिवे चालू ठेवू नका कारण त्याच झाडावर पाखरं मुक्कामी असतात.

गव्हाणीबद्दल मात्र मला थोडं जास्त लिहायचं आहे. झाडाच्या कितीतरी आधीपासून नाताळची खरी मांडणी गव्हाणीची आहे. इटलीत ग्रेच्चो नावाच्या डोंगरातल्या गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी खरी गव्हाण, खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून लोकांना ख्रिस्तजन्म दाखवला. म्हणजे झाडाच्या रिवाजाहून ही गोष्ट साधारण तीनशे वर्षं जुनी. आणि ती करायला शहरातल्या लोकांना प्लास्टिकचे बैल आणि कागदाचं गवत विकत आणावं लागतं, आपल्या गोठ्यात मात्र गव्हाण आहे, तिच्यात कुटार आहे, रवंथ करणारी जनावरं आहेत, डिसेंबरात वेचणी झालेल्या वावरात मेंढ्यांचे कळप बसतात आणि शेकोटीभोवती मेंढपाळ रात्र जागवतात. शुभवर्तमानात जे लिहिलं आहे ते आपल्या शिवारात त्या रात्री जसंच्या तसं चालू असतं. आमच्या मंडळीनं एका नाताळात कॅरोलची फेरी गोठ्यापर्यंत नेली, गोठा झाडून सारवला, गव्हाणीत कुटारावर धुतलेलं लुगडं अंथरलं, वर एक धांड्याचा तारा, बाजूला कंदील, आणि पाळकसाहेबांनी तिथंच वाचन केलं. गाय मधेच हंबरली तर लहान लेकरं खुदकन हसली आणि मग एकदम शांत बसून ऐकायला लागली. गावातली बाकी मंडळीही आली, बायका-माणसं, सगळ्या समाजाची, कारण चर्चमधे यायला संकोच वाटतो पण गोठ्यात यायला कोणाला कसला संकोच? त्या रात्री झाड नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही की झाड कुठं आहे.

मला माहीत आहे यावर काही लोक म्हणतात की काड्या-कुटार काय लावता, गरिबी दाखवता का लोकांना. आमच्याच घरातल्या तरुण पोरांनी सुरुवातीला म्हटलं. मी त्यांना म्हणते की ज्याच्या जन्माचा सण आहे तो राजवाड्यात जन्मला नव्हता. आणि गरिबी कापसात नाही. कापसाला भाव मिळत नाही यात गरिबी आहे, ती वेगळी लढाई आहे आणि ती लढायचीच आहे, पण म्हणून कापसाचीच लाज वाटायला लागली तर लढणार कोणासाठी? दुसऱ्या बाजूनं असेही लोक आहेत, त्यात काही आमचे वडीलधारे, जे म्हणतात झाड हीच परकी रीत, बंदच करा. तेही मला पटत नाही. लेकरांना वर्षातून एकदा काहीतरी उभं करायचं असतं, सजवायचं असतं, त्यांच्या हौसेला मोल नाही. आपण फक्त ती हौस दुकानाकडून काढून वावराकडं वळवायची.

शाळांबद्दलही लिहायलाच पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी आता इंग्रजी शाळा झाल्या आहेत, खेड्यातली लेकरं तिथं जातात, आणि डिसेंबरात डायरीत लिहून येतं की ख्रिसमस ट्रीचा प्रोजेक्ट करा, थर्माकोल शीट, ग्लिटर, चमकीचा कागद आणा. लेकरू हिंदूचं असो की बौद्धाचं की आमचं, बापाला मजुरी बुडवून स्टेशनरीच्या दुकानात जावं लागतं. सजावटीचा थर्माकोल १ जुलै २०२२ पासून सगळ्या देशात बंद आहे, सिंगल यूज प्लास्टिकच्या बंदीच्या यादीत त्याचं नाव आहे, आणि आपल्या राज्यात तर प्लास्टिक-थर्माकोलची बंदी २०१८ मधेच आली. मग शाळेनंच ते मागावं? त्याऐवजी शिक्षकांनी म्हणावं की तुमच्या घरच्या वावरात, अंगणात डिसेंबरात जे आहे त्याचं झाड करून आणा. कोणी पऱ्हाटी आणेल, कोणी तुराटी, मेळघाटातलं कोरकू लेकरू बांबू आणेल, नदीकाठचं लेकरू सिंदीच्या झावळीचं काही करेल. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आम्ही सिंदीच्याच फांद्या धरून गावात फिरतो, तिच्या पानाच्या पट्ट्या विणून चांदण्या होतात. त्या निमित्तानं विज्ञानाच्या तासात बोंडअळीचं चक्र शिकवता येईल, भूगोलात पाइन कुठं वाढतो आणि पळस कुठं वाढतो ते.

संपादक साहेब, तुमच्याकडं माझ्या दोन विनंत्या आहेत. तुमच्या पुरवणीत डिसेंबरात मुंबई-पुण्याच्या मॉलमधल्या झाडांचे फोटो येतात, ते येऊ द्या, पण यंदा अर्धं पान विदर्भातल्या घरी केलेल्या झाडांना द्या. वाचकांना फोटो पाठवायला सांगा, ज्याचं त्याच्या गावाच्या नावासकट छापा. बक्षीस नको, पेपरात फोटो आला हेच खेड्यातल्या लेकरासाठी फार मोठं असतं. आणि दुसरं, हे पत्र छापणार असाल तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच छापा. २४ तारखेला छापून उपयोग नाही, कारण चकत्या वाळायला ऊन लागतं, धांडे जनावरांना कापून घालायच्या आधी बाजूला काढून ठेवावे लागतात, आणि वेचणीच्या बायांना आधीच सांगून ठेवावं लागतं की धुऱ्याकडच्या दोन-चार झाडांचा कापूस यंदा तसाच राहू द्या.

आपली नियमित वाचक,
संडे स्कूलची एक शिक्षिका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ